तंजावरच्या भिंतीवरची मराठी

दक्षिणेच्या यात्रेला निघालेली मराठी मंडळी तंजावरला थांबतात, ती बहुधा बृहदीश्वराच्या दर्शनासाठी. राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पूर्ण केलेल्या या मंदिराचे विमान दोनशे फुटांहून उंच आहे. त्याची सावली जमिनीवर पडत नाही, असे तिथे हमखास ऐकायला मिळते. सावली पडते, अगदी व्यवस्थित पडते. पण या नवलाच्या गोष्टीत रमलेला प्रवासी आवाराच्या नैर्ऋत्येकडील भिंतीपर्यंत सहसा पोचत नाही.

त्या भिंतीवर भोसले घराण्याचा विस्तृत इतिहास कोरलेला आहे. भाषा मराठी, लिपी देवनागरी, साल १८०३.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावरला मराठी राज्य स्थापन केले. शिलालेख कोरवून घेतला तो त्यांचे वंशज दुसरे सरफोजी यांनी. हा काळ नीट पाहायला हवा. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार इंग्रजांकडे गेला होता. राजांच्या हाती उरला होता तंजावरचा किल्ला, नेमणूक आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. त्यानंतर चारच वर्षांत हा लेख तयार झाला.

दगडच का? याचे उत्तर त्याच मंदिरात मिळते. राजराजाने आपली दाने इथल्याच दगडांवर तमिळमध्ये नोंदवली. देवळाच्या सेवेतील चारशे नर्तिकांची नावे आणि घरेसुद्धा त्यांत आहेत. मंदिर हेच इथले दप्तर होते. सरफोजींनी त्याच दप्तरात आपल्या घराण्याचे पान जोडले. राज्य पुढे १८५५ मध्ये खालसा झाले. पान मात्र जागेवर आहे.

कागदाचीही त्यांनी तितकीच काळजी घेतली. नायक राजांपासून चालत आलेला सरस्वती महाल ग्रंथसंग्रह त्यांनी भरभरून वाढवला. १९१८ पासून तो सर्वांसाठी खुला आहे. मराठ्यांच्या राजवटीची मोडी कागदपत्रेही तंजावरात मोठ्या संख्येने आहेत. ती वाचू शकणारी माणसे मात्र मोजकीच राहिली आहेत.

मोडी सगळ्यांनाच येणार नाही. पण भिंतीवरची देवनागरी आपल्याला वाचता येते. तंजावरला गेलात, तर शिखर पाहून झाल्यावर त्या भिंतीसाठी अर्धा तास राखून ठेवा. चार ओळी लागल्या तरी पुष्कळ झाले.