गोधडी

गोधडी म्हणजे जुन्या कापडांचे अनेक थर एकमेकांवर पसरून, त्यांतून हाताने टाके घालून तयार केलेले जाड अंथरूण किंवा पांघरूण होय. महाराष्ट्राच्या काही भागांत, विशेषतः दक्षिण महाराष्ट्रात, तिला वाकळ असेही म्हणतात. तान्ह्या बाळासाठी शिवलेल्या लहान व मऊ गोधडीस दुपटे म्हणतात. जीर्ण झालेली लुगडी, साड्या, धोतरे, चादरी आणि शिंप्याकडील कापडाचे तुकडे हे गोधडीचे पारंपरिक साहित्य आहे. टाकाऊ कापडापासून टिकाऊ आणि घराची ओळख जपणारी वस्तू तयार करण्याची ही एक जुनी घरगुती कला आहे.

नावे आणि अर्थ

हिंदीतील ‘गुदडी’ हा शब्द गोधडीशी नाते सांगणारा आहे. जुने कपडे व वस्तू विकल्या जाणाऱ्या बाजारास हिंदीत ‘गुदडी बाजार’ म्हणतात. ठिगळे जोडून केलेल्या वस्त्रासाठी संस्कृतमध्ये ‘कंथा’ हा शब्द आहे. विरक्त माणसाची खूण म्हणूनही अशा वस्त्राकडे पाहिले गेले. बौद्ध परंपरेत टाकून दिलेल्या चिंध्या गोळा करून, धुऊन व जोडून केलेल्या भिक्षूच्या चीवरास ‘पांसुकूल’ म्हणतात. संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांच्या अंगावरील ठिगळांच्या वस्त्रामुळे लोक त्यांना ‘गोधडे महाराज’ म्हणूनही ओळखत असत.

साहित्य

गोधडीसाठी वारंवार धुऊन मऊ झालेले सुती कापड उत्तम मानले जाते. अशा कापडातील खळ निघून गेलेली असते आणि ते पुढे फारसे आटत नाही. कोरे कापड वापरायचे असल्यास ते आधी धुऊन घेतात. अन्यथा पहिल्या धुण्यात जुने व नवे कापड कमीअधिक आटून गोधडीला चुण्या पडतात.

नऊवारी लुगड्याची लांबी सुमारे ८.२ मीटर असते. त्याची चार पदरी घडी घातल्यास साधारण २ मीटर लांबीचे आणि लुगड्याच्या पन्ह्याएवढे रुंद, म्हणजे एका माणसास पुरेल असे अंथरूण मिळते. लुगडे एकाएकी गोधडीत जात नसे. मधोमध विरलेला भाग कापून उरलेली दोन टोके जोडली जात. या जोडास ‘दंड’ म्हणतात. दंड घातलेले लुगडेही नेसण्याजोगे उरले नाही की ते गोधडीसाठी बाजूला ठेवले जाई.

शिवण्यासाठी जाड सुती दोरा आणि लांब, मजबूत सुई वापरतात. पूर्वी जुन्या वस्त्रांच्या काठांतून उसवून काढलेले धागेही वापरले जात.

शिवण्याची पद्धत

गोधडी शिवण्याची रीत घरागणिक थोडीफार बदलते, परंतु कामाचा सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो.

१. निवड : कापडे धुऊन वाळवतात. शिवणी, गुंड्या व कुजलेला भाग काढून टाकतात. रंग जाणारे कापड ओळखण्यासाठी ओले पांढरे फडके त्यावर घासून पाहतात.

२. थर लावणे : सपाट जमिनीवर खालचे अस्तर पसरून त्यावर आतील थर एकेक करून ताणून अंथरतात. फाटके, विटके तुकडे आत जातात. त्यांच्या कडा एकमेकींवर फार चढल्या तर गाठोळे होते आणि अंतर राहिले तर तेथे गोधडी पातळ पडते.

३. वरचा थर : सर्वांत वर अखंड साडी किंवा तुकडे जोडून केलेला थर येतो. चौकोन, त्रिकोण आणि पट्ट्या हे आकार सर्रास आढळतात, कारण त्यांत कापड कमी वाया जाते. रंगीत काठ व खणाचे तुकडे दिसतील अशा जागी लावले जातात.

४. कच्चे टाके : थर सरकू नयेत म्हणून लांब लांब तात्पुरते टाके घालतात.

५. पक्के टाके : यासाठी मुख्यतः धावदोरा वापरतात. अनेक ठिकाणी कडेपासून सुरुवात करून, कडेला समांतर असे चौकोनी फेरे घेत मध्यापर्यंत येतात. काही ठिकाणी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ ओळी घालतात. दोन ओळींत साधारणपणे एक ते दोन बोटांचे अंतर असते.

टाके केवळ शोभेसाठी नसतात. त्यांमुळे आतील तुकडे जागच्या जागी राहतात आणि धुताना थर गोळा होत नाहीत. दोन ओळींमधील पोकळीत हवा अडकून राहते व ती उष्णता बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे टाके फार दाट घातले तर गोधडी मजबूत पण कडक होते, आणि विरळ घातले तर मऊ राहते पण लवकर उसवते.

घरातील स्थान

गोधडी शिवणे हे प्रामुख्याने स्त्रियांचे काम राहिले आहे. शेतीची कामे कमी असताना, विशेषतः उन्हाळ्याच्या दुपारी, घरातील व शेजारच्या स्त्रिया एकत्र बसून गोधडी शिवत. मोठ्या गोधडीच्या चारही बाजूंनी एकाच वेळी टाके घालता येतात, म्हणून हे काम सामूहिक स्वरूपाचे झाले. आई किंवा आजीच्या निधनानंतर तिच्या साड्यांची गोधडी करून ठेवण्याची रीत आजही अनेक कुटुंबांत आढळते.

नवरात्रापूर्वी घरातील सर्व अंथरूण-पांघरूण धुण्याची प्रथा आहे. ओली गोधडी अतिशय जड होते, त्यामुळे ती पिळण्यास दोघे लागतात. आतील थर कडक उन्हात पूर्ण वाळले नाहीत तर कुबट वास येतो व बुरशी धरते.

गोधडी विरली की तिच्यावर नवी साडी चढवून ती पुन्हा शिवली जाते. त्यामुळे एकाच गोधडीत वेगवेगळ्या काळांतील कापड सापडू शकते. अखेरीस तिचे तुकडे पायपुसणे किंवा पोतेरे म्हणून कामी येतात. झिजेपर्यंत वापरण्याच्या या पद्धतीमुळे जुन्या गोधड्या सहसा जतन होत नाहीत आणि त्या शिवणाऱ्या स्त्रियांची नावेही नोंदली जात नाहीत.

समान परंपरा

बंगालमधील कांथा, बिहारमधील सुजनी आणि सिंध, कच्छ व पश्चिम राजस्थानातील रल्ली या गोधडीच्या जवळच्या परंपरा आहेत. कांथामध्ये धावदोऱ्याने माणसे, पशुपक्षी व फुलांच्या आकृत्या भरल्या जातात. कर्नाटकात गोधडीस ‘कौदी’ म्हणतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाची ‘कवंद’ विशेष प्रसिद्ध आहे. या समाजाचे अनेक पूर्वज पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेले आफ्रिकी लोक होते. त्यांची गोधडीही कडेकडून मध्याकडे शिवली जाते व तिच्या कोपऱ्यांवर घडी घातलेले त्रिकोणी तुकडे लावतात. त्यांना ‘फुले’ म्हणतात.

भारताबाहेर जपानमधील ‘बोरो’ ही ठिगळांवर ठिगळे लावलेली वस्त्रे आणि अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या जीज बेंड येथील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्या यांची तुलना गोधडीशी होऊ शकते. जीज बेंडच्या गोधड्या २००२ साली न्यू यॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या आणि घरगुती वापराच्या या वस्तू कलाकृती म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या.

सद्यस्थिती

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नायलॉन व पॉलिएस्टरच्या साड्या रूढ झाल्या आणि गोधडीचे साहित्य बदलले. हे कापड लवकर फाटत नाही, रंग टिकवते व पटकन वाळते, परंतु घाम शोषत नाही आणि निसरडे असल्याने थर सरकतात. म्हणून सिंथेटिक साडी वरच्या बाजूस व सुती कापड आत असा मेळ घातला जातो. जुन्या कपड्यांच्या मोबदल्यात भांडी देणाऱ्या बोहारणींकडेही घरातील बरेच कापड जाते. कारखान्यात तयार झालेली स्वस्त ब्लँकेटे मिळू लागल्यावर घरी गोधडी शिवण्याचे प्रमाण घटले.

दुसरीकडे, शहरांत गोधडीला शोभेच्या वस्तूचे स्थान मिळाले आहे. पलंगपोस, उशांचे अभ्रे, भिंतीवरील पडदे आणि बैठकीची आसने गोधडीच्या पद्धतीने शिवली जातात. ग्राहकाने दिलेल्या साड्यांची गोधडी करून देण्याचा व्यवसायही काही महिला बचत गट व लहान उद्योग करतात. मात्र हाताने शिवलेल्या गोधडीत अनेक दिवसांचे श्रम असतात. कापड फुकटचे म्हणून गोधडीही स्वस्त असावी, अशी अपेक्षा ठेवल्यास त्या श्रमांचे मोल होत नाही. यंत्रावर शिवलेली गोधडी कमी वेळात तयार होते, पण तिच्यासाठी पुष्कळदा कोरे कापड वापरले जाते. अशा वेळी गोधडीचे रूप टिकते, परंतु जुने कापड पुन्हा वापरात आणण्याचा तिचा मूळ हेतू मागे पडतो.

हे सुद्धा पहा

कांथा
लुगडे
भरतकाम
गाडगे महाराज