संकेतस्थळाची दवंडी

दोन वर्षांपूर्वी आपल्या मंडळाच्या जुन्या संकेतस्थळाची साफसफाई माझ्या गळ्यात पडली. "तू कम्प्युटर इंजिनिअर ना, मग बघ की जरा," एवढी पात्रता पुरते. (प्रिंटर दुरुस्तीपासून लग्नाच्या व्हिडिओपर्यंत सगळं आमच्याकडे याच वाक्याने येतं!) पहिल्या पानाच्या तळाशी चौकोनी चित्रांची एक रांग होती: फ्रेंडस्टर, ऑर्कुट, फेसबुक, ट्विटर, गूगल प्लस. वर लिहिलेलं, "आम्हाला इथेही भेटा!" पाचपैकी तीन घरांना कायमचं कुलूप. चौथ्याची पाटी २०२३ मध्ये बदलून 'एक्स' झालेली. ती रांग पुसायला दोन मिनिटं पुरली असती. पण मी तिच्यावर दोन रविवार घालवले, कारण कुठल्या काळात कोणाच्या ओट्यावर उभं राहून आपण दवंडी पिटत होतो, याचा तो अख्खा इतिहासच होता.

अगदी सुरुवातीला असा ओटाच नव्हता. सिंगापुरात सिंगनेटने १९९४ मध्ये सर्वसामान्यांना इंटरनेट दिलं, भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला. संकेतस्थळ बनवलं तरी ते आहे हे लोकांना कळणार कसं? याहू तेव्हा हाताने लावलेली एक यादी होती, स्टॅनफर्डच्या जेरी यँग आणि डेव्हिड फायलो या दोन विद्यार्थ्यांनी १९९४ मध्ये सुरू केलेली. तिच्यात नाव यावं म्हणून अर्ज करायचा, मग तिकडचा माणूस पान उघडून बघणार आणि योग्य त्या कप्प्यात ठेवणार. बाकी भिस्त कागदावरच. मंडळाची जुनी मंडळी सांगतात की संकेतस्थळाचा पत्ता त्यांनी लिटिल इंडियातल्या वाणसामानाच्या दुकानात पत्रक चिकटवून जाहीर केला होता. हे पत्रक लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

मराठीला आणखी एक जाच होता, फॉन्टचा. युनिकोड रुळेपर्यंत प्रत्येक संकेतस्थळाचा फॉन्ट वेगळा. त्यातलं एखादं वाक्य उचलून दुसरीकडे चिकटवलं की देवनागरीऐवजी रोमन अक्षरांची खिचडी दिसायची. म्हणजे दवंडी मराठीतून देताच येत नसे. "Diwali ank aala" हे रोमन लिपीतलं मराठी त्या लाचारीतून रूढ झालं आणि आपल्या हातांना अजून चिकटून आहे.

मग आला फ्रेंडस्टर. जोनाथन एब्रम्स यांनी तो २००२ मध्ये स्थापन केला. २००३ मध्ये गूगलने तीन कोटी डॉलर देऊ केले ते त्यांनी नाकारले, ही गोष्ट आमच्या व्यवसायात दंतकथेसारखी सांगतात. अमेरिकेत तो लवकरच मागे पडला, पण इकडे आग्नेय आशियात त्याचं राज्य होतं. फिलिपिन्स, इंडोनेशिया, मलेशिया, सिंगापूर, सगळीकडची कॉलेजातली मुलं तिथेच. आपल्या मंडळाने तिथे घर केलं त्यात नवल नाही. भारतात मात्र कोणी फ्रेंडस्टरचं नाव काढत नव्हतं. आमच्याकडे २००४ मध्ये सुरू झालेलं ऑर्कुट! मी तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगला होतो आणि प्रोग्रॅमिंगच्या लॅबमध्ये सरांची पाठ वळली की निम्म्या पडद्यांवर तो निळा-गुलाबी रंग उमटायचा. सिंगापूरच्या मराठी मंडळाची त्यामुळे गंमत झाली. इथल्या मुलांसाठी फ्रेंडस्टर, तिकडून नव्याने आलेल्यांसाठी ऑर्कुट, असा दोन्ही ओट्यांवर एकच मजकूर न्यावा लागे.

एकच गोष्ट सात ठिकाणी लिहायचा कंटाळा येणारच. २००८ मध्ये पिंग डॉट एफएम नावाची सेवा निघाली. एकदा लिहा, ती सगळीकडे पाठवेल. फ्रेंडफीड याच्या उलट, सगळीकडचं एका जागी गोळा करून दाखवायचं. पानाच्या कडेला बटणांची पट्टी लावून देणारं अ‍ॅडधिस होतं. आज यातलं काही उरलेलं नाही. पिंग २०१२ मध्ये गेलं, फ्रेंडफीड २०१५ मध्ये, अ‍ॅडधिस ३१ मे २०२३ ला.

एप्रिल २०१० मध्ये फेसबुकने आपलं 'लाइक'चं बटण इतरांच्या संकेतस्थळांवर लावायला दिलं. आम्हाला वाटलं, फुकट जाहिरात! खरं तर त्या दिवशी दिशा पालटली असं माझं मत आहे. तोपर्यंत ओट्यावर दवंडी ऐकून माणूस आपल्या घरी यायचा. आता आपल्या घरातूनच तो ओट्याकडे जाऊ लागला. सिंगापुरात तर फेसबुक म्हणजेच गाव झालं. मे २०११ च्या सार्वत्रिक निवडणुकीआधी ऑनलाइन प्रचाराचे नियम सैल केले गेले आणि सगळे पक्ष तिथे दिसू लागले. २० एप्रिल २०१२ ला खुद्द पंतप्रधान ली सिएन लूंग यांनी फेसबुक आणि ट्विटरवर खातं उघडलं. अशा गावात राहून "आमचं वेगळं संकेतस्थळ आहे, तिकडे या" म्हणणारा माणूस खुळाच दिसायचा. आमच्या समितीतही कोणी म्हणेना. कार्यक्रमाची माहिती आधी दोन्हीकडे, मग फेसबुकवर आधी आणि संकेतस्थळावर सवडीने, मग नुसतीच फेसबुकवर. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केलं की यापुढे संस्थांच्या पानांपेक्षा मित्र आणि नातेवाईकांच्या पोस्टना प्राधान्य मिळेल. १ ऑगस्ट २०१८ पासून बाहेरच्या प्रोग्रॅमला कोणाच्या व्यक्तिगत खात्यावर आपोआप पोस्ट टाकणंही बंद झालं. आणि इन्स्टाग्रामवर तर पोस्टखाली लिहिलेला पत्ता दाबून उघडतच नाही.

कुलपांच्या तारखा मी वहीत उतरवल्या. फ्रेंडस्टर २००९ च्या अखेरीस मलेशियातल्या एमओएल कंपनीने घेतला, २०११ मध्ये लोकांचे फोटो आणि मजकूर पुसून त्याचं खेळांचं संकेतस्थळ केलं आणि २०१५ मध्ये तेही थांबलं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४. गूगल प्लस २ एप्रिल २०१९.

या तारखांमध्ये एक आमच्या घरची गोष्ट आहे. मंडळाच्या एका नाटकाचे फोटो मी स्वतः अशाच एका नेटवर्कवर चढवले होते. त्याचं नाव घेत नाही, कारण चूक माझी होती. सर्व्हरवर जागा कमी, भाडं वाचेल, म्हणून आपल्या संकेतस्थळावर नुसती लिंक ठेवली आणि मूळ फोटो लॅपटॉप बदलताना गेले. बंद होण्याच्या सूचना रीतसर आल्या होत्या, पण समितीतून निघून गेलेल्या एकाच्या ईमेलवर. पुढे त्या नाटकात आजोबांची भूमिका केलेले काका वारले. त्यांच्या मुलीने विचारलं, "दादा, बाबांचा त्या वेषातला फोटो असेल ना तुमच्याकडे?" मी तीन दिवस शोधलं. प्रेक्षकांतल्या कोणाच्या तरी फोनमधला एक सापडला, त्यात काका पाठमोरे आहेत.

तेव्हापासून 'जतन' या शब्दाकडे मी जरा लक्ष देऊ लागलो. याहूने १९९९ मध्ये साडेतीन अब्ज डॉलरहून जास्त मोजून घेतलेलं जिओसिटीज ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केलं, तेव्हा काही स्वयंसेवकांनी जमतील तेवढी पानं रात्रंदिवस उतरवून घेतली आणि पुढच्या वर्षी सर्वांना खुली केली. सिंगापुरात हे काम सरकारी ग्रंथालय करतं. नॅशनल लायब्ररी बोर्डाच्या कायद्यात २०१८ मध्ये दुरुस्ती झाली आणि ३१ जानेवारी २०१९ पासून 'डॉट एसजी' पत्त्याची सर्वांसाठी खुली असलेली संकेतस्थळं वेगळी परवानगी न मागता जपून ठेवायचा अधिकार त्यांना मिळाला. फेसबुकवरचं पान डॉट एसजी नसतं, हे मी समितीच्या बैठकीत फळ्यावर लिहून दाखवलं. डोमेनच्या वर्षाच्या पैशांवरून अर्धा तास वाद झाला, तो इथे देत नाही!

यंदा ठरलं ते असं: मजकूर आणि फोटो आधी आपल्या संकेतस्थळावर, बाकी सगळीकडे फक्त दोन ओळी आणि पत्ता. शिवाय लिटिल इंडियातल्या त्याच गल्लीत पत्रक चिकटवलं, या वेळी क्यूआर कोडसह. २०२० मध्ये सेफएंट्रीने प्रत्येक दारात कोड स्कॅन करायला लावल्यामुळे ते आता आजी-आजोबांनाही सहज जमतं. पत्रक लावलं त्या संध्याकाळी एका काकूंचा फोन आला. "अरे, कोड उघडला हो, अंकही दिसला. छान झालाय. पण मला तो व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ करून पाठव ना, म्हणजे पुण्याला बहिणीला पाठवते."

पाठवला.