ई. टी. (अटारी २६०० वरील व्हिडिओ गेम)

स्टीव्हन स्पीलबर्गच्या १९८२ च्या चित्रपटावर आधारलेला, त्याच वर्षी नाताळच्या बाजारासाठी अटारी कंपनीने काढलेला गेम. आजवरच्या सर्वांत वाईट गेमच्या याद्यांत याचे नाव हटकून असते. रचनाकार हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ. ‘यार्स रिव्हेंज’सारखा नावाजलेला गेम करणाऱ्या या माणसाला येथे जेमतेम पाच आठवडे मिळाले, एरवी अशा कामाला काही महिने लागत.

परग्रहवासी ई. टी.ला दूरध्वनीचे तीन तुकडे शोधून घरी फोन करायचा असतो. तुकडे खड्ड्यांत दडलेले असतात आणि सारा घोळ तिथेच होतो. पाय जमिनीवर असले, तरी नुसते डोके खड्ड्याच्या चित्राला टेकले की ई. टी. आत कोसळतो. मान ताणून तरंगत वर यावे, तर काठावरून पुन्हा आत! प्रत्येक पावलागणिक शक्तीचा आकडा घटतो तो वेगळाच. कल्पना मात्र टाकाऊ नव्हती, घाई नडली.

याच यंत्रावरचा ‘पॅक-मॅन’ (१९८२) खरे तर अधिक निराशाजनक म्हणावा लागेल. त्यातली भुते सारखी लुकलुकत. ‘ई. टी.’च्या मात्र लाखो प्रती पडून राहिल्या. १९८३ मध्ये अटारीने न विकला गेलेला माल न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डोच्या कचराभूमीत पुरला. २०१४ च्या उत्खननात सापडलेल्या सुमारे १,३०० गेम-काडतुसांत (कार्ट्रिज) इतर गेमही होते. त्यांतले ‘ई. टी.’चे एक काडतूस स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे.