चकती मंदावते तेव्हा

हिंदमाता म्हटले की मुंबईकराला आधी पाणी आठवते, कापड नंतर. दादर आणि परळ यांच्यामधला हा भाग बशीसारखा खोलगट. आभाळ फाटले आणि त्याच वेळी समुद्राला भरती असली, की पाणी इथे येऊन तुंबते. 2021 पासून महापालिकेने दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर मैदानाखाली पाणी साठवायच्या मोठ्या टाक्या बांधायला घेतल्या, त्या ह्याच कारणाने. पण टाक्यांच्या कितीतरी आधीपासून इथल्या कापडवाल्यांचा एक रिवाज आहे. पाणी उंबऱ्याशी आले की बादलीला हात लावायचा नाही. साड्यांचे गठ्ठे वरच्या फळीवर टाकायचे. आधी माल वर, पाण्याचं मग बघू.

वाचकहो, त्याच दुकानातला सगळ्यांत मोलाचा माल आता फळीवर नसतो. कोणाकडे किती उधारी, कोणत्या गिरणीचे किती देणे, कर किती भरला, हे सारे गल्ल्याशेजारच्या संगणकात, तळहाताएवढ्या एका पेटीत असते. तिचे नाव हार्ड डिस्क. ही पेटी मंदावू लागली, एक बिल उघडायला दोन-दोन मिनिटे घेऊ लागली, की मात्र हाच शहाणा माणूस आधी बादली उचलतो! संगणक दहादा बंद-चालू करतो, कोणी सांगितलेला दुरुस्तीचा प्रोग्रॅम रात्रभर चालवतो, आणि सकाळी पाहतो तो पेटी मुकी. असे का होते, हे कळायला ह्या वस्तूचा इतिहास थोडा पाहिला पाहिजे.

सप्टेंबर 1956 मध्ये आयबीएम ह्या अमेरिकन कंपनीने रॅमॅक नावाचे यंत्र जाहीर केले. त्याच्या साठवणीच्या कपाटात 24 इंच व्यासाच्या 50 चकत्या एकावर एक बसवलेल्या होत्या आणि त्या मिनिटाला 1200 फेरे घेत. एवढ्या अवजड कपाटात मावत काय होते? 50 लाख अक्षरे. ग्रामोफोनच्या तबकडीवर सुई टेकते, तसे इथे चालत नाही. वाचणारे टोक, म्हणजे हेड, चकतीला घासले तर तिचा चुंबकीय लेपच खरवडून निघेल. म्हणून रॅमॅकमध्ये दाबलेल्या हवेने हेड अधांतरी धरले होते. पुढे चकतीच्या फिरण्याने उठणाऱ्या वाऱ्यावरच ते तरंगू लागले. 1973 साली ‘विंचेस्टर’ ह्या टोपणनावाची पेटी आली. तिच्यात चकती आणि हेड एकत्र बंद केलेले होते, धूळ बाहेर. 1980 मध्ये सीगेट कंपनीने सव्वापाच इंची पेटी काढली, आणि तिच्यातही 50 लाख अक्षरेच मावत. कपाटाची पेटी व्हायला चोवीस वर्षे लागली.

त्या काळच्या पेट्यांच्या झाकणावर एक कागद चिकटवलेला असे, बरं का. कारखान्यातच सापडलेल्या खराब जागांची ती यादी. बसवणाऱ्याने ती पाहून हाताने संगणकात भरायची. निर्दोष चकती अशी कधी नव्हतीच, आणि कंपनी ते उघड लिहून देत होती. मला तो कागद फार प्रामाणिक वाटतो. पुढे हे काम पेटीतले विजेचे मंडळच करू लागले आणि गिऱ्हाइकाला दोष दिसेनासे झाले.

मंदपणाचे मूळ इथे आहे. साधारण चकती मिनिटाला 7200 फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सेकंदाचा सुमारे 120 वा भाग. एखादी जागा वाचता आली नाही, तर पेटी पुढच्या फेऱ्याला पुन्हा प्रयत्न करते, मग पुन्हा. शंभर प्रयत्न झाले की जवळजवळ एक सेकंद गेला. अशा हजार जागा असल्या तर? आपण म्हणतो संगणक सुस्तावला. खरे तर पेटी आत जिवाच्या आकांताने झटत असते. चकतीवर काही राखीव जागा ठेवलेल्या असतात. बिघडलेल्या जागेचा कारभार पेटी गुपचूप तिथे हलवते आणि किती हलवल्या याची नोंद ठेवते. 1995 साली कॉम्पॅक कंपनीने अशा नोंदींची आपली पद्धत सर्व कारखानदारांपुढे मांडली, आणि त्यातून ‘स्मार्ट’ हा सर्वमान्य नियम घडला. साध्या प्रोग्रॅमने ह्या नोंदी आपल्यालाही वाचता येतात.

पण त्यांच्यावर विसंबून राहू नये. 2007 मध्ये गूगलच्या संशोधकांनी आपल्या लाखाहून अधिक चकत्यांचा हिशेब प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक सापडलेली चकती पुढल्या 60 दिवसांत बंद पडण्याची शक्यता, चूक न सापडलेल्या चकतीच्या 39 पट होती. मात्र बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक चकत्यांनी स्मार्टच्या चार प्रमुख खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. खूण दिसली तर घाई करावी; दिसली नाही तर निर्धास्त होऊ नये.

तेव्हा चकती मंदावली की आधी माल वर! म्हणजे तिच्यातले सारे दुसऱ्या चकतीवर उतरवून घ्यायचे. दुरुस्तीचा प्रोग्रॅम आजारी चकती सगळी पालथी घालतो, वर तिच्यावर लिहितोही. 2004 साली निघालेला डीडीरेस्क्यू नावाचा फुकट प्रोग्रॅम कापडवाल्याच्याच अकलेने चालतो. निरोगी भाग तो भराभर उचलतो, अडलेली जागा सोडून पुढे जातो, आणि अडलेल्यांशी झटायला शेवटी परत येतो. टकटक असा आवाज येत असेल तर मात्र तेही नको. वीज बंद करून पेटी जाणत्याकडे द्यावी.

प्रत हाती आली की मग खुशाल परीक्षा करा. कित्येकदा चकती धडधाकट निघते आणि दोष तारेचा असतो. विंडोज एक्सपीमध्ये तर सहा चुका मोजल्या की यंत्र आपणहून जुन्या संथ चालीवर उतरे. लोक चकती बदलत आणि तार तीच ठेवत. अलीकडच्या पुष्कळ संगणकांत न फिरणारी एसएसडी असते. तिची दुखणी निराळी.

राहता राहिले पाणी. बहुतेक फिरत्या चकत्यांच्या पेटीला हवेसाठी बारीक भोक असते, गाळणी लावलेले. पुराचे पाणी तिथून आत जाते. भिजलेली पेटी ‘चालते का बघू’ म्हणून कधीही सुरू करू नये. तरंगणारे हेड आणि चकती यांच्यात केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी अंतर असते. चिखलाचा एक कण पुरे.

1 फेब्रुवारी 2003 रोजी कोलंबिया अंतराळयान कोसळले, ज्यात आपली कल्पना चावला होती. त्याच्या अवशेषांतली एक हार्ड डिस्क काही महिन्यांनी एका कोरड्या तळ्यात सापडली. प्लॅस्टिकचे भाग वितळलेले, धूळ अडवणारी सीलबंदी गेलेली. तरी जाणकारांनी तिच्यातला सुमारे 99 टक्के मजकूर काढला, आणि झेनॉन वायूवरच्या त्या प्रयोगाचे निष्कर्ष 2008 मध्ये छापून आले. यान फुटले त्या क्षणी ती चकती फिरत नव्हती.