गाळ, शेण आणि इंदूर

काशीतल्या ब्रह्मा घाटाच्या गल्ल्यांत पेशवाईपासून मराठी घरं आहेत. अंगण मात्र कुणालाच नाही. पूर ओसरला की पायऱ्यांवरचा गंगेचा गाळ मी गच्चीतल्या कुंड्यांत भरते. फुकटचा खरा, पण नुसता घातला तर वाळून दगड होतो. शेण आणि निर्माल्य कुजवून त्यात मिसळावंच लागतं.

या कुजवण्याला शिस्त लावली ती होळकरांच्या इंदुरात. ती लावणाऱ्या अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांचं त्यावरचं पुस्तक १९३१चं. काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती, लाकडाची राख असे थर रचायचे, ओल राखायची, अधूनमधून उलथायचे. तीनेक महिन्यांत खत तयार. नाव गाजलं हॉवर्डचं. वाड कुणाला आठवतात? घरी असं खत करायचं तर निर्माल्यातले दोरे तेवढे आधी काढा. हल्ली ते कुजत नाहीत.