भराव आणि नोंदवही

मुंबईचा इतिहास हा बऱ्याच अंशी भरावाचा इतिहास आहे. १७८४च्या सुमारास पूर्ण झालेल्या हॉर्नबी वेलार्डने महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधले समुद्राचे खिंडार बुजवले आणि बेटांचे शहर होण्याची प्रक्रिया पुढे सरकली. या कामासाठी आपल्याकडे इंग्रजीतून आलेला शब्द 'रेक्लमेशन'. जे आपले होते ते परत मिळवणे, हा त्याचा एक अर्थ. समुद्राने जणू आपलीच जमीन बळकावली होती, असे त्यात गृहीत धरलेले आहे. त्या मानाने 'भराव' हा मराठी शब्द प्रामाणिक म्हणावा लागेल. तो मालकी सांगत नाही, केवळ कृती सांगतो. परंतु तिथे आधी काय होते, याविषयी दोन्ही शब्द मौन पाळतात.

तिथे खाजण होते. भरतीला बुडणारी आणि ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची जमीन, काठाला तिवरांची झाडी, पलीकडे मिठागरे. काठावर राहणाऱ्या कोळी-आगरी समाजाला या प्रत्येकाचे नाव आणि उपयोग ठाऊक होता. शहराच्या विकासाच्या भाषेत मात्र हे सारे 'पडीक जागा' या एका शब्दात गोळा झाले.

हे मौन मोडण्याचे काम पक्षिनिरीक्षकांनी केले, असे मला वाटते. त्यांची परंपराही याच शहरातली. १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, तेव्हा पक्ष्याचा अभ्यास म्हणजे पक्षी मारून त्याचे कातडे चिठ्ठी लावून जपणे. सालिम अली यांच्या अभ्यासाचा आरंभदेखील लहानपणी एअरगनने टिपलेल्या एका चिमणीपासून झाला. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता आणि ती कोणती, हे विचारण्यासाठी तो मुलगा सोसायटीत गेला. १९४१ साली आलेल्या त्यांच्या भारतीय पक्ष्यांवरील पुस्तकाने सामान्य वाचकाच्या हाती पक्षी ओळखण्याचे साधन दिले. हळूहळू बंदुकीची जागा दुर्बिणीने घेतली आणि कातड्यांच्या संग्रहाशेजारी नोंदवही आली.

१९९०च्या दशकात शिवडीच्या चिखलावर रोहित पक्ष्यांचे मोठे थवे उतरू लागले. मागे तेलाच्या टाक्या आणि कारखाने, पुढे गुलाबी रांगा. या दृश्याकडे केवळ सौंदर्य म्हणून पाहणे अपुरे आहे. लहान रोहित मान उलटी करून चोचीने गाळून खातो ते सूक्ष्म शेवाळ, आणि खाडीत ते फोफावण्यामागे शहराच्या सांडपाण्याचाही हात आहे. म्हणजे ज्याला आपण निसर्ग म्हणून पाहायला जातो, त्यात आपली घाणही सामील आहे.

२०१५ साली ठाणे खाडीच्या पश्चिम काठाचे सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र रोहित अभयारण्य म्हणून घोषित झाले. २०२२ साली खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. परंतु नकाशावरची रेषा भरती-ओहोटीला कळत नाही. भरतीला चिखल बुडाला की थवे उडून नवी मुंबईकडच्या उथळ तळ्यांवर विसावतात, आणि नेरुळसारख्या ठिकाणची ही तळी त्या अभयारण्याच्या सीमेबाहेर आहेत. खाडी राखली आणि तळी बुजवली, तर पक्ष्याला अर्ध्या दिवसाचेच घर उरते. मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाची धडक बसून तीसहून अधिक रोहित मेले, तेव्हा आकाशातही ही वाट किती अरुंद झाली आहे, हे दिसले.

अशा वेळी नोंदवहीचे मोल कळते. १९८७पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. तारीख, वेळ, जागा, पक्ष्याचे नाव, संख्या, इतकाच मजकूर. त्यात विशेषणे नसतात. साहित्याच्या विद्यार्थ्याला तो रुक्ष वाटेल. परंतु भराव टाकणाऱ्याचे पहिले वाक्य नेहमी एकच असते: 'इथे काहीच नव्हते.' या वाक्याला उत्तर देताना कवितेपेक्षा ती रुक्ष ओळ अधिक उपयोगी पडते. पुढच्या जानेवारीत आपल्या विद्यार्थ्यांना खाडीकाठी न्यावे आणि अशी एक तरी ओळ त्यांच्याकडून लिहून घ्यावी.