जलसंजीवनीची अकरा वर्षे

कॉलऱ्याचा रोगी दगावतो तो अंगातले पाणी आणि क्षार वाहून गेल्याने. पाजलेले पाणी आतड्यात टिकत नाही. मग शिरेतून सलाईन, हाच काय तो उपाय डॉक्टर मानत.

१९६० साली प्रागच्या एका परिषदेत रॉबर्ट क्रेन या जीवरसायनशास्त्रज्ञाने मांडले, की आतड्यातून ग्लुकोज शरीरात शिरते ते सोडियमला सोबत घेऊन. पाणी त्यांच्या मागोमाग जाते. कॉलऱ्यातही ही वाट उघडी राहते, हे पुढे दिसले. १९६८ मध्ये नलिन आणि कॅश यांनी ढाक्याच्या रुग्णालयात ते रोग्यांवर दाखवूनही दिले. तरी पुष्कळ डॉक्टर बधले नाहीत. मीठ-साखरेचे पाणी म्हणजे आजीबाईचा बटवाच वाटला असावा!

१९७१ साली पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे आले. सीमेवरच्या बनगावात दोन खोल्या, सोळा खाटा. बाकीचे रोगी जमिनीवर. सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी ग्लुकोज, मीठ आणि सोडा पाण्यात कालवून पिंपे भरून ठेवली. पेल्याने पाजायचे काम रोग्यांच्या नातलगांचे. पूर्वी शंभरातले तीसएक दगावत, आता चाराहून कमी.

१९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ने या शोधाला शतकातली कदाचित सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटले. महालनोबिसांना पद्मविभूषण मिळाले २०२३ मध्ये. आदल्याच वर्षी ते वारले होते.